‘की’ म्हणजे ‘हू’ नव्हे

फ्रेंच मुलांस इंग्रजी शिकविणारे कित्येक पंडित संबंधी सर्वनामांच्या प्रकरणीं एक सोपा तोडगा सांगतात: फ्रेंच ‘की’ म्हणजे इंग्रजी ‘हू’, आणि फ्रेंच ‘क’ म्हणजे ‘व्हिच’ किंवा ‘दॅट’. तोडगा सोपा खरा, पण खोटा आहे. आणि त्याच्या भरंवशावर मुलानें ‘द बुक हू इज ऑन द टेबल’ असें लिहिलें, तर त्याच्या आळसास बोल लावण्याचा या पंडितांस मुळींच अधिकार नाहीं.

फ्रेंच भाषा येथें विभक्ति पाहते. संबंधी सर्वनाम गौण वाक्याचा कर्ता असेल तर ‘की’, कर्म असेल तर ‘क’; मग तें गुरुजींविषयीं असो वा मेजाविषयीं. इंग्रजीचा पहिला प्रश्नच निराळा: माणूस कीं वस्तु? माणसास ‘हू’, वस्तूस ‘व्हिच’. विभक्तीचा विचार मागाहून, तोही ‘हूम’पुरता, आणि बोलण्यांत तर तो बहुधा गळूनच पडतो. प्रश्नच निराळे असतां उत्तरांच्या जोड्या लावावयाच्या कशा? मराठी वाचकास हें चटकन उमजेल. आपला ‘जो’ तर आधीं लिंग विचारतो!

माणूस-वस्तु हा भेद फ्रेंच मनास परका आहे, असें कोणी म्हणेल. साफ चूक. ‘आ’ या अव्ययानंतर फ्रेंचही तोच भेद करते: ज्या माणसाशीं बोललों त्यास ‘आ की’, ज्या प्रश्नाचा विचार करतों त्यास ‘ओकेल’. घरचें हें भांडवल सोडून पंडित परभाषेच्या दारीं उसनवारी कां करतात, हें त्यांचें त्यांस ठाऊक.

दुसरा पक्ष म्हणतो, सर्वत्र ‘दॅट’ वापरा. ठीक, मग ‘द टाउन इन दॅट आय लिव्ह’ चालवून घ्याल काय? स्वल्पविरामानंतरच्या केवळ माहितीपर वाक्यांतही ‘दॅट’ शोभत नाहीं.

खरी कसोटी फ्रेंच ‘दों’ची. त्याच्या पोटांत संबंधदर्शक अव्यय दडलेलें असतें. कोशांत ‘दों’ म्हणजे ‘हूज’ असें पाहून मुलगा ‘द बुक हूज आय स्पोक’ लिहितो. इंग्रज मात्र सर्वनाम गाळून तें अव्यय शेवटीं टाकतो: ‘द बुक आय स्पोक अबाउट’. फ्रेंचमध्यें सर्वनाम असें गाळतां येत नाहीं. म्हणून लिहितांना निभावलेला मुलगा वाचतांना अडखळतो, आणि छापलेल्या पानावर नसलेला शब्द शोधीत बसतो.