मोटार कोणाची होती?

युद्धाचे लघुदेखावे, अर्थात डायोरामा, करणाऱ्यांना रणगाडा सहज मिळतो. अडते ते साध्या मोटारीपाशी. दुसऱ्या महायुद्धातील रणगाड्यांचे प्लास्टिकचे संच अनेक कंपन्या विकतात. त्या रणगाड्याशेजारी उभी असू शकेल अशी डॉक्टरची किंवा दुकानदाराची मोटार मात्र शोधावी लागते, आणि सापडली तरी तिला लष्करी रूप द्यावे लागते. ही शोधाशोध आणि हे रूपांतर छंद जोपासणाऱ्यांच्या लेखी तांत्रिक बाब आहे. आम्हाला तो कथनाचा प्रश्न वाटतो, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात लक्ष घालावे असे आमचे मत आहे. डायोरामा ही एका गोठवलेल्या क्षणाची गोष्ट असते. त्या गोष्टीत कोण आहे आणि कोणाला वगळले आहे, हे विचारणे समीक्षेचेच काम आहे.

पहिली अडचण मापाची. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा दरवाजापेक्षा उंच असतो, बुरुजाखाली खेळण्यातली मोटारही उभी असते, आणि कोणाला काही खटकत नाही. डायोरामात हे चालत नाही; तेथे सर्व वस्तू एकाच प्रमाणात असाव्या लागतात. जपानच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी आपला पँथर रणगाडा आत विजेची मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा केला. तो आकार हिशेबाने साधारण १:३५ भरला आणि पुढे तेच लष्करी प्रतिकृतींचे प्रमुख माप ठरले. नागरी मोटारींच्या प्रतिकृती वेगळ्या वाटेने आल्या. संग्राहकांच्या धातूच्या गाड्या बहुधा १:४३ मापाच्या, कारण ते माप खेळण्यातल्या आगगाड्यांवरून आले. जोडून करायच्या गाड्या बहुधा १:२४ मापाच्या. ४.२ मीटर लांबीची मोटार १:३५ मध्ये १२ सेंटिमीटरची होते, १:४३ मध्ये दहाहून थोडी कमी, तर १:२४ मध्ये साडेसतरा सेंटिमीटरची. पाच सेंटिमीटरचा सैनिक पहिलीशेजारी योग्य दिसतो, दुसरीशेजारी राक्षस वाटतो आणि तिसरीशेजारी शाळकरी पोर. युद्ध आणि घर यांची मापेच बाजाराने वेगळी ठेवली. त्यामागे कोणाचा हेतू नसेल. परिणाम मात्र असा झाला, की १:३५ च्या युद्धात नागरिकांचे जग दीर्घकाळ तुरळकच दिसत राहिले.

ही उणीव आता बरीच भरून निघाली आहे. तामियाने सित्रोएन कंपनीची त्राक्सियाँ अवाँ ही फ्रेंच मोटार १:३५ मध्ये आणली. कीव्हच्या आयसीएम कंपनीने कॅडेट, कापितान, अॅडमिरल या युद्धपूर्व ओपेल गाड्या काढल्या. युक्रेनच्याच मिनीआर्टने ट्राम आणि तीनचाकी टेंपो काढला. ज्या जर्मन कंपनीच्या नावावरून मराठीत टेंपो हा शब्द रुळला, तिचाच तो. तथापि यांतल्या बऱ्याच मोटारी पेटीवर लष्करी अधिकाऱ्याची ‘स्टाफ कार’ म्हणूनच येतात. म्हणजे पेटी उघडण्याआधीच गाडीचा मालक बदललेला असतो.

रूपांतराची कृती ठरलेली आहे. चकचकीत अंगावर मंद करडा रंग द्यायचा, क्रोमचे बंपर आणि समोरची जाळी त्याखाली झाकायची, दिव्यांना झाकणे लावून प्रकाशापुरती फट ठेवायची, नंबरप्लेटवर जर्मन भूसेनेची ‘डब्ल्यूएच’ ही अक्षरे घालायची, इंधनाचे डबे बांधायचे. यांत एक युक्ती फार बोलकी आहे. आधी मूळ नागरी रंग देतात, त्यावर केसांचा स्प्रे मारतात, मग लष्करी रंग चढवतात. ओल्या कुंचल्याने हलके घासले की वरच्या रंगाचे टवके उडतात आणि खालचा निळा किंवा मरून रंग डोकावू लागतो. जुना मजकूर खरडून त्याच पानावर नवा लिहिलेल्या हस्तलिखितासारखी ही गाडी वाचता येते.

रूपांतर हा शब्द मराठी वाचकाला नाटकांमुळे परिचित आहे. परके मूळ जाणवू नये, हे तिथे रूपांतरकाराचे कसब मानले जाते. मोटारीच्या बाबतीत मात्र हाच निकष घातक ठरतो. मूळ पुसणे ही गाडी जप्त करणाऱ्याची गरज होती. देखावा करणाऱ्याने त्यात त्याला हातभार का लावावा?

त्राक्सियाँ अवाँ १९३४ मध्ये बाजारात आली ती लोकांची मोटार म्हणून. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर जर्मनांनी अशा गाड्या मोठ्या संख्येने ताब्यात घेतल्या, आणि काळी सित्रोएन दारात थांबणे ही भीतीची खूण झाली. ऑगस्ट १९४४ च्या पॅरिसच्या उठावात प्रतिकारकांनी याच जातीच्या गाड्यांवर पांढऱ्या रंगाने ‘एफएफआय’ ही अक्षरे आणि लॉरेनचा क्रूस रंगवला. अशी गाडी करणाऱ्याला, ती अक्षरे कोणत्या रंगावर लिहिली गेली, हे ठरवावेच लागते. ते ठरवताना गाडीचे सारे पूर्वायुष्य त्याच्यासमोर उभे राहते.

प्रत्येक नागरी गाडी हिसकावूनच युद्धात गेली असे नाही. सप्टेंबर १९१४ मध्ये मार्नच्या लढाईसाठी पॅरिसच्या सुमारे ६०० टॅक्सींनी काही हजार सैनिक वाहून नेले. मीटर चालू होते आणि भाडे सरकारने चुकते केले. लष्करीदृष्ट्या या फेऱ्यांचे महत्त्व बेताचेच. आख्यायिका झाली ती टॅक्सी टॅक्सीच राहिली म्हणून. तिला करडा रंग फासणारा कलावंत त्या आख्यायिकेचा प्राणच काढून घेईल. याउलट युक्रेनमध्ये २०२२ पासून स्वयंसेवक देणग्या गोळा करून जुन्या पिकअप गाड्या घेतात आणि लष्करी रंग देऊन आघाडीवर पाठवतात. तिथे तोच रंग दानाचा आहे. जप्ती, भाडे आणि दान या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकच ठरीव कृती तिन्हींना लावली, तर नंबरप्लेट बिनचूक असूनही गोष्ट चुकते.

यावर कोणी म्हणेल, छंदावर एवढे ओझे कशाला? तपशील अचूक असला म्हणजे पुरे. आमचे उत्तर असे, की मोटार आधी कोणाची होती हाही तपशीलच आहे. तो टाळल्याचा परिणाम भग्न गाड्यांत सर्वाधिक दिसतो. रणगाडा मध्यभागी, आणि कोपरा रिकामा वाटतो म्हणून एक जळकी मोटार, निव्वळ भरणा. फ्रान्समधील ओरादूर-सुर-ग्लान या गावात १० जून १९४४ रोजी एस.एस. सैनिकांनी सहाशेहून अधिक गावकऱ्यांची हत्या केली. ते गाव उद्ध्वस्त अवस्थेत तसेच राखले आहे आणि तिथे एक मोटार आजही गंजत उभी आहे. तिला भरणा म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. क्रोएशियातील ओसियेक शहरात जून १९९१ मध्ये रणगाड्याने एक छोटी लाल ‘फिचो’ मोटार चिरडली. २०११ मध्ये तिथे स्मारक उभारले गेले. त्यात लाल फिचोच रणगाड्यावर चढली आहे. गाडी म्हणजे तिचा मालक, हे त्या शहराने ओळखले.

मागच्या सीटवर बाहुली ठेवून करुणा पिकवावी, असे आम्ही सुचवत नाही. तो स्वस्त मार्ग आहे, आणि कथेत जितका स्वस्त तितकाच इथेही. टवक्याखालचा रंग, दारावरचे अर्धवट पुसलेले दुकानाचे नाव, झाकणाच्या कडेला उरलेली क्रोमची रेघ एवढे पुरते. डायोरामाचे परीक्षण करणाऱ्यांनी रणगाड्याच्या साखळीचे दुवे अवश्य मोजावेत. त्यानंतर शेजारच्या मोटारीकडे बोट दाखवून ती कोणाची होती, हेही करणाऱ्याला विचारावे.