कुत्रं कुणाचं?

वस्तीत कुत्रं चावलं की पहिला प्रश्न येतो, "कुणाचं होतं?" उत्तरही ठरलेलं असतं, "कुणाचं नाही, असंच फिरतं." कालपर्यंत त्याच कुत्र्याला चार घरांतून भाकरी मिळत होती, राजा म्हणून हाक मारली की ते शेपूट हलवत येत होतं, पावसात एका ठरावीक दाराच्या पायरीवर झोपत होतं. पोराच्या पोटरीला दात लागले आणि ते एका क्षणात बेवारशी झालं. याला मी अर्धं पाळणं म्हणते. माया पुरती, जबाबदारी मात्र शून्य. आपल्या बहुतेक गल्ल्यांमध्ये कुत्री अशीच पाळली जातात आणि त्याची किंमत मोजतात लहान मुलं.

आरोग्याच्या पानावर कुत्र्याचा विषय काढला म्हणून काहींना राग येईल. "इथं माणसाला पाय पसरायला जागा नाही आणि ही बाई कुत्र्याला शिकवायला सांगते!" तो राग मला समजतो. ज्या तळ्यावर गुराढोरांना मोकळीक होती तिथं आपल्या माणसांना पाणी प्यायला १९२७ साली महाडचा सत्याग्रह करावा लागला, हे आपण विसरलेलो नाही. आजही कितीतरी सोसायट्यांत साहेबांचं लॅब्राडोर मोठ्या लिफ्टने जातं आणि भांडी घासणारी ताई मागच्या लिफ्टसमोर उभी राहते. पण हा हिशेब माणसाने माणसाशी करायचा आहे. कुत्र्याला हे काही ठाऊक नसतं. आणि कुत्री आपल्या वस्तीत आहेतच, आपण ठरवलं तरी आणि नाही ठरवलं तरी.

सरकारी दवाखान्याच्या इंजेक्शनच्या खोलीत मी बारा वर्षं काढली. केसपेपर हातात घेऊन रांगेत कोण असायचं, तर शाळकरी पोरं, कचरा वेचणाऱ्या बाया, पहाटे झाडू मारायला निघालेले सफाई कामगार आणि घरकाम करणाऱ्या ताया. जखमेत कधी मिरचीपूड भरलेली, कधी चुना, कधी हळद-तेल. कुणी आधी भगताकडे जाऊन अंगारा लावून आलेलं. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के रेबीज कुत्र्याकडून येतो, आणि आशिया-आफ्रिकेत त्याने मरणाऱ्या दर दहांपैकी चार जण १५ वर्षांखालची मुलं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. या रोगाची लक्षणं एकदा दिसली की जगातल्या कुठल्याही दवाखान्यात खात्रीचा उपचार नाही. चावल्यावर मात्र वेळेत लस घेतली तर तो पूर्ण टाळता येतो. इतका भयंकर आणि तरीही इतका टाळता येण्यासारखा दुसरा रोग मी पाहिलेला नाही.

म्हणून हे घरात सगळ्यांना पाठ असू द्या. कुत्र्याचा दात किंवा नख लागलं, जखमेवर त्याची लाळ लागली, तर ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून. नळाला पाणी नसेल तर पिंपातलं पाणी तांब्याने ओतत राहा, पण १५ मिनिटं. वर काहीही भरायचं नाही, फडक्याने घट्ट बांधायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा, तिथं लस फुकट मिळते. पोटात १४ इंजेक्शनं देण्याची जुनी पद्धत केव्हाच बंद झाली, तरी तिची भीती आजही लोकांना दवाखान्यापासून दूर ठेवते. आता लस दंडात देतात. कातडीत दिली जाते तिथं पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेच्या आत आणि भोवती आणखी एक इंजेक्शन लागतं, त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. "ते द्यायचं का?" असं डॉक्टरांना स्वतःहून विचारा, लाजू नका. गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही ही लस चालते. कुत्रं ओळखीचं असेल तर १० दिवस त्याच्यावर नजर ठेवा, पण ते दहा दिवस सरायची वाट बघत लस लांबवू नका. सुई आजच. पुढच्या सुयांचं काय ते डॉक्टर ठरवतील.

मधली तारीख चुकते ती बहुधा खाड्यामुळे. चार फेऱ्या म्हणजे चार दिवसांचं काम बुडतं. यात एक गोष्ट मला फार खुपते. कामावर मालकांचं कुत्रं चावलं तर ताई म्हणते, "मॅडम चांगल्या आहेत, कशाला बोलायचं?" मॅडम म्हणतात, "आमच्या ब्रूनोला सगळी इंजेक्शनं दिलीत." ब्रूनोचं लसीचं कार्ड दाखवायला सांगा. कार्ड असलं तरी दवाखान्यात जा आणि त्या दिवसांचा पगार मागा. आपला प्राणी दुसऱ्याला इजा करणार नाही याची काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. मात्र ते कलम बंगल्याला लागतं तसं पत्र्याच्या खोलीलाही लागतं, हेही लक्षात असू द्या.

आता आपल्या घराकडे येऊ. दहा बाय बाराच्या खोलीत कुत्रं पाळावं का? घरातलं एक माणूस रोज सकाळ-संध्याकाळ त्याला बाहेर न्यायला तयार असेल, तर पाळावं. नसेल तर पाळू नये. पोरांनी हट्ट धरला एवढं कारण पुरत नाही. आणि पाळायचंच तर गावठी पिल्लू घ्या. आपल्याकडचे काही तरुण हल्ली हप्त्यावर पैसे भरून रॉटवायलर आणतात, साखळीला बांधतात आणि त्याच्याबरोबर फोटो काढतात. हस्की तर बर्फातलं कुत्रं, मे महिन्यात पत्र्याखाली धापा टाकत पडलेलं असतं. गावठी कुत्र्याला आपली हवा सोसते, त्याची केसं आखूड असतात, खायलाही फार लागत नाही. फक्त पिल्लू दोन महिन्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नका. आईच्या आणि भावंडांच्या दंग्यातच त्याला कळतं की किती जोरात चावलं की समोरच्याला दुखतं. डोळे उघडल्या-उघडल्या उचलून आणलेलं पिल्लू हा धडा शिकतच नाही.

शिकवणं म्हणजे सर्कस नव्हे. आपल्याला चार गोष्टी हव्या असतात: ठरल्या जागी शी-शू करणं, हाकेला येणं, "थांब" म्हटलं की थांबणं आणि अंगावर उडी न मारणं. पिल्लू झोपेतून उठलं, खाऊन झालं, खेळून झालं की लगेच बाहेर न्या, रोज त्याच जागी. तिथं केलं की लगेच शाबासकी आणि चपातीचा तुकडा. घरात केलं तर त्याचं नाक त्यात घासायची आपल्याकडे पद्धत आहे. त्याने ते शिकतं एवढंच, की माणसांसमोर करायचं नाही. मग ते खाटेखाली लपून करतं. मुकाट्याने पुसून घ्या आणि पुढच्या वेळी लवकर बाहेर न्या. बाहेरची घाणही कागदात उचला, कारण त्याच गल्लीत आपली मुलं अनवाणी खेळतात आणि कुत्र्याच्या विष्ठेतले जंत मातीतून मुलांच्या अंगात जातात. कुत्र्यालाही जंताचं औषध लागतं, पशुवैद्य त्याच्या वजनाप्रमाणे देतात.

घरातल्या सगळ्यांचे शब्द एक असू द्या. आजोबा म्हणतात "हाड", आई म्हणते "चल हट", पोरगा म्हणतो "गो", तर त्या बिचाऱ्याने कुठली भाषा शिकायची? एक शब्द, एक हातवारा, पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, जेवणाआधी. त्याला भूक असली की लक्ष चांगलं लागतं. "बस" म्हणताना तुकडा त्याच्या नाकावरून हळूच मागे न्या, मान वर जाते आणि बूड आपोआप टेकतं. टेकलं त्याच क्षणी तुकडा द्या. पुढच्या मिनिटाला दिला तर कशाबद्दल मिळाला ते त्याला कळत नाही.

आणि एक शब्द आपल्या गल्लीतून कायमचा जायला हवा. "छू!" पोरं गंमत म्हणून कचरेवाल्यावर, मीटर बघायला आलेल्यावर, अनोळखी भिकाऱ्यावर कुत्रं सोडतात आणि मोठी माणसं ओट्यावर बसून हसतात. तो कचरेवाला कुणाचा तरी बाप असतो, बहुतेक वेळा आपल्यातलाच. हेही शिकवणंच आहे. माणसाच्या अंगावर धावून गेलं की मालक खूश होतो, हा धडा कुत्रं दोन दिवसांत पक्का करतं. मग ते शाळेतून पळत येणाऱ्या पोरीच्या मागे लागलं, तर दोष कुणाचा?

मारण्याबद्दलही तेच. चपलेने, काठीने मारून कुत्रं वठणीवर येतं असं मानणारे पुष्कळ आहेत. मार खाल्लेलं कुत्रं मारणाऱ्याला घाबरतं आणि राग काढतं सगळ्यात कमजोर माणसावर, म्हणजे घरातल्या रांगत्या बाळावर. गुरगुरलं म्हणून तर कधीच मारू नका. गुरगुरणं म्हणजे "मला भीती वाटते, लांब हो" असं त्याचं सांगणं असतं. ते सांगणं मारून बंद केलं, तर पुढच्या वेळी ते न सांगताच चावेल. त्याच्याही आधी ते बोलत असतंच: मान फिरवतं, ओठ चाटतं, अंग ताठ करतं, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. मुलांना एवढं वाचायला शिकवा. खात असताना, झोपलेलं असताना, कुत्री पिल्लांजवळ असताना तिच्याकडे जायचं नाही. परकं कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, हात अंगाशी, नजर जमिनीकडे. पाच वर्षांखालचं मूल आणि कुत्रं, कितीही गरीब असो, दोघांनाच खोलीत सोडून नळावर जाऊ नका.

दिवसभर साखळीला बांधलेलं कुत्रं चिडकं होतं, हे वेगळं सांगायला नको. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ काढून धापा टाकूनच अंग थंड करतं. म्हणून उन्हाळ्यात सावली आणि पाण्याचं भांडं हवंच. खायला भात, चपाती, अंडं, उकडलेलं मटण-चिकन चालतं. पण उरलेला कांदा-लसणाचा झणझणीत रस्सा ओतू नका, कांद्याने त्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. शिजवलेली कोंबडीची हाडंही नकोत, ती टोकदार तुटतात. गोचिडांसाठी शेतातली फवारणीची औषधं अंगाला चोळणारे लोक मी पाहिले आहेत. कुत्रं ते चाटतं आणि मरतं. ते औषध पशुवैद्याकडूनच घ्या.

एका घराने एवढं केलं तरी गल्ली सुरक्षित होत नाही. शंभरातल्या निदान ७० कुत्र्यांना लस मिळाली की रेबीज पसरायला वाट उरत नाही, असं जाणकार सांगतात. शेजारच्या गोव्यात हे करून दाखवलं गेलं. दरवर्षी भटक्या आणि पाळीव, दोन्ही कुत्र्यांना लस टोचली, शाळाशाळांत मुलांना शिकवलं आणि २०२१ साली तिथं रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही महापालिका-नगरपालिकेची जबाबदारी आहे, २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम तेच सांगतात. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला छाट मारलेली असते. आपल्या गल्लीतले कान मोजा आणि आकड्यासकट वॉर्ड ऑफिसला अर्ज द्या. "कुत्र्यांचा त्रास आहे" एवढ्याच अर्जाला कुणी विचारत नाही.

माझी सूचना साधी आहे. १४ एप्रिलला आपली मंडळं रक्तदान शिबिर घेतात, डोळे तपासतात. तसंच २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनी, विहाराच्या पटांगणात पशुवैद्य बोलावून कुत्र्यांना लस टोचून घ्यावी. त्याआधी एका वहीत गल्लीतलं प्रत्येक कुत्रं लिहावं: रंग, नर की मादी, कान छाटलेला का, आणि समोर त्याला भाकरी घालणाऱ्याचं नाव. भाकरी घालणारा तोच पालक. लसीच्या दिवशी कुत्रं धरून आणायची जबाबदारी त्याची. तीन महिन्यांवरच्या पिल्लापासून सगळ्यांना लस द्यावी आणि पुढे दरवर्षी चालू ठेवावी. मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांनी घरच्या कुत्र्याचा महापालिकेचा परवाना काढावा, त्यालाही हेच लसीचं कार्ड लागतं.

कुत्र्याला दवाखान्यात नेताना ते घाबरून चावायची भीती असते. त्याला रिकाम्या पोटी नेऊ नका, थोडं खायला देऊन न्या. दोन माणसं जा, दोघंही त्याच्या ओळखीची. रुंद सुती पट्टी, बँडेजची असते तशी, जबड्याभोवती वरून एक वेढा, खालून एक गाठ आणि मग कानांच्या मागे बांधायची. सुतळी वापरू नका, ती रुतते. तोंड बांधलं की त्याला धाप टाकता येत नाही, म्हणून पट्टी टोचण्यापुरतीच, एक-दोन मिनिटं. ऊन असेल तर सकाळी लवकर जा. टोचून झालं की आधी पट्टी सोडा, मग पाणी द्या.