खोटी नोट ओळखायची, खचलेले मूल नाही?



गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातले शेतकरी आमच्या शाखेत आले. मुलाचे शिष्यवृत्तीचे खाते बंद करायचे होते. मृत्यूचा दाखला काउंटरवर ठेवून ते गप्प उभे राहिले. मुलगा दहावीतला. त्याने स्वतःच आयुष्य संपवले होते. शिल्लक अकराशे चाळीस रुपये. सोबत आलेले शाळेचे गुरुजी जाताना हळूच म्हणाले, "साहेब, दोन महिने तो मागच्या बाकावर जाऊन बसत होता. कंपासपेटीसुद्धा मित्राला देऊन टाकली. मला वाटलं, वयच तसं आहे."

मी गुरुजींना दोष देत नाही. आम्हा कारकुनांना खोटी नोट ओळखायला शिकवतात. धागा, जलचिन्ह, कागदाचा स्पर्श, सगळे घोटून घेतात. पाचशेच्या नोटेसाठी एवढी काळजी! खचलेले मूल ओळखायला गुरुजींना कोणी शिकवले?

२०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. ही सरकारचीच नोंद आहे. म्हणजे रोज सरासरी पस्तीसहून अधिक. खेड्यात डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, समुपदेशक तर कधीच नाही. मुलाला रोज पाहणारा, घराबाहेरचा, शिकलेला माणूस एकच, तो म्हणजे शिक्षक. आणि त्याला आपण काय कामाला लावतो? निवडणूक, गणती, आहाराचे हिशेब. २०२५ मध्ये कर्नाटकात सर्वेक्षणासाठी दसऱ्याची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत लांबवली. माणसे मोजायला वेळ मिळतो, पण समोरचे एक मूल वाचायला मिळत नाही!

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी स्पष्ट बजावले आहे, की शिक्षक व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण द्या, आणि शंभर वा अधिक विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक नेमा. आता आपल्या खेड्यांतल्या मराठी शाळांचे पट आठवा. कितींचा पट शंभर भरतो? लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी संधान ठेवावे, असे निकाल सांगतो. पण ते जुळवून देणार कोण? धारवाडची मानसिक आरोग्य संस्था खेड्यातल्या मुलाला लंडनइतकीच लांब. शिवाय जिवाचे दुखणे पोर मायबोलीतच सांगते. म्हणून हे प्रशिक्षण मराठीतून मिळाले पाहिजे. कागदपत्रे मराठीतून मिळावीत म्हणून आपण निवेदनांवर निवेदने दिली. या मागणीचे एक तरी निवेदन दिले का?

आणि आपण स्वतः? दर जूनला आपण गुणवंतांचा सत्कार करतो, शाल-श्रीफळ देतो, फोटो छापतो. नापास झालेल्याच्या दारात त्या दिवशी कोण जाते? कर्नाटकात दहावीची परीक्षा त्याच वर्षात पुन्हा देता येते. वर्ष वाया जात नाही, हे त्याला कोणी जाऊन सांगितले?

काही जण म्हणतील, विचारले तर नको तो विचार डोक्यात भरेल. हा भ्रम आहे. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, की मायेने थेट विचारल्याने तो विचार येत नाही, उलट मन मोकळे होते. दुसरी भीती पोलिसांची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरले जाते. त्याला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे आहेत.

शिक्षकाने मानसोपचारतज्ज्ञ व्हावे असे कोणी म्हणत नाही. अचानक गैरहजेरी, गप्पपणा, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, 'मी नसलो तर' असे बोलणे दिसले, की एकांतात विचारावे, ऐकून घ्यावे, मुलाला एकटे सोडू नये. पालकांना बोलावून रागवायला नको आणि शेतीची औषधे कुलपात ठेवा, हे सांगावे. मग १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर फोन लावावा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो. एवढे शिकायला दोन दिवस पुरेत.

माझी मागणी साधी आहे. यंदा सत्काराच्या खर्चातून निम्मी रक्कम काढून मंडळाने प्रत्येक मराठी शाळेतल्या एका शिक्षकाचे प्रशिक्षण करावे. सरकार करील तेव्हा करील. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपल्याच भाषेतली आहे. निदान ती आपल्यालाच लागू पडू नये.