हाताकडे किती, तिकडे किती?

यंदाचा विषय कळवला तेव्हा संपादकांचा लगेच फोन आला, "वहिनी, गिअरबॉक्स? तुम्ही?" गेल्या वर्षी याच पानावर लेकीच्या वेल्श उच्चारांची गंमत होती, त्याआधी पुरणाची डाळ. तर मंडळी, यंदा गिअरबॉक्स.

कार्डिफकरांना हा विषय अगदीच परका नाही. इंजिनिअरिंगच्या मुलांनी स्वतः आखून, स्वतः जोडून एका माणसाची छोटी रेसिंग कार तयार करायची, अशी 'फॉर्म्युला स्टुडंट' स्पर्धा सिल्व्हरस्टोनला भरते. २०१७ साली ती आपल्या कार्डिफ विद्यापीठाच्या मुलांनी जिंकली. भारतात त्याच धर्तीची 'फॉर्म्युला भारत' कोइमतूरजवळ कारी मोटर स्पीडवेवर होत आली आहे. माझा भाचा पुण्याकडच्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता आणि त्यांच्या गाडीच्या गिअरची जबाबदारी त्याची होती.

डिसेंबरात एका संध्याकाळी त्याचा फोन आला. इथे सात, तिथे रात्रीचे साडेबारा. "मावशी, उद्या इंजिन उघडायचं ठरलंय. मला नाही पटत, पण माझ्याकडे दुसरं उत्तर नाही."

इंजिन केटीएम ३९० मोटरसायकलचं, म्हणजे बजाजच्या चाकणच्या कारखान्यातलं. गिअरबॉक्स इंजिनच्या पोटातच. मोटरसायकलवर पायाने गिअर टाकतात. इथे हाताशी दांडा आणि तिथून मागे इंजिनपर्यंत केबल. तक्रार अशी, की पहिल्यावरून दुसरा टाकला की गाडी न्यूट्रलमध्ये अडकायची. उतरत्या गिअरला काही त्रास नाही. शिवाय स्टँडवर, चाकं अधांतरी ठेवून पाहिलं तर सहाही गिअर अलगद पडायचे. आतला काटा वाकला असणार, असं संघाचं म्हणणं. तिथे पोचायला इंजिनचं कवच दुभंगावं लागतं. स्पर्धेला तीन आठवडे. इंजिन नीट परत जुळलं नाही तर वर्षभराची मेहनत कोपऱ्यात उभी.

मी मराठीची एम.ए., शाळेत मराठीबरोबर गणितही शिकवलेली. गणित चुकलेल्या मुलाला जे म्हणायचे तेच त्याला म्हटलं, "उत्तर राहू दे, पायऱ्या सांग."

त्याने सांगितलं. मोटरसायकलच्या गिअरबॉक्सात चाकांच्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्याच असतात. गिअर बदलतो म्हणजे त्यांच्या कडेचे जाड दाते सरकून शेजारच्या चाकाच्या खाचेत बसतात. त्यांना सरकवतो काटा आणि काट्याला हलवतो खोबणींचा ड्रम. दर गिअरला ड्रम ६० अंश फिरतो. न्यूट्रल मात्र पहिल्या आणि दुसऱ्याच्या अधेमधे, ३० अंशांवर.

"म्हणजे ओढ अर्धीच पोचली तर गाडी नेमकी न्यूट्रलला थांबेल?"

"हो. थांब, थांब..."

पुढचं त्याचं त्यानेच जुळवलं. स्टँडवर गाडीला ओझं नसतं. ट्रॅकवर इंजिनच्या जोराने ते दाते एकमेकांवर दाबून बसतात, त्यांना सोडवायला दांडा जोरात ओढावा लागतो. त्या जोराने वाटेतलं काहीतरी वाकत असेल तर हात पुरता हलेल, ड्रम मात्र अर्धाच फिरेल. क्लच पूर्ण सुटत नसेल तरी असंच होतं. पण तो त्याने आधीच पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी इंजिन उघडण्याआधी त्याने तासभर मागून घेतला. केबलच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खुणा केल्या. इंजिन बंद, पहिला गिअर, दोघांनी गाडी मागून ढकलून धरली म्हणजे दाते दाबले गेले. एकाने दांडा ओढला आणि हा फूटपट्टी घेऊन बसला. हाताकडे किती मिलिमीटर, तिकडे किती? तिकडे जवळजवळ निम्मेच! केबलचं आवरण धरणारी पत्र्याची पट्टी ओढीसरशी वाकत होती. उलट दिशेला तिच्यामागे चौकटीचा पाइप होता, म्हणून उतरते गिअर बिनतक्रार पडत होते.

मुलांना मी दोष देत नाही. इंजिन उघडण्यात रुबाब असतो, पट्टी तपासण्यात कसला आलाय? पण बाहेरचं, हाताला लागणारं आधी बघावं हे आमच्या आईला मिक्सर बिघडला तरी कळायचं. ती आधी प्लग बघायची.

जाड पट्टी कापून, कोपऱ्यात तिकोनी आधार देऊन वेल्ड केली. वजन सांभाळणारा मुलगा काही ग्रॅमसाठी कुरकुरला म्हणे. एक धास्ती उरलीच होती: अर्धवट बसलेल्या गिअरवर गाडी पळवली तर दात्यांचे कोपरे झिजतात आणि जोर दिला की गिअर आपोआप सुटतो. तसं झालं असतं तर इंजिन खरोखरच उघडावं लागलं असतं. त्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्यात भरपूर जोर देऊन पाहिलं. सुटला नाही.

या स्पर्धेत सर्वांत जास्त गुण असतात २२ किलोमीटरच्या शर्यतीला. अर्ध्यावर गाडी बंद करून चालक बदलायचा आणि ती पुन्हा सुरू करायची. कितीतरी गाड्या तिथेच राहतात. यांची सुरू झाली, दुसरा गिअर पडला आणि २२ किलोमीटर पूर्ण झाले.