जखमेची नोंद ६० दिवसांत दुरुस्त करा

हा अर्ज नाही. अर्ज झाले, स्मरणपत्रे झाली, 'सविनय सादर' झाले. आता जाहीर इशारा. हा इशारा लष्कराच्या ज्या रेकॉर्ड ऑफिसला आहे त्याच्याकडे याची प्रत पोच घेऊन रवाना केली आहे. ऑफिसचे नाव इथे छापत नाही. माझे भांडण पाटीशी नाही, माझ्या शीट रोलमधल्या, म्हणजे सेवेच्या नोंदपत्रातल्या, एका ओळीशी आहे. ऑक्टोबर १९८७ मध्ये श्रीलंकेत माझ्या उजव्या मांडीला झालेली इजा हा 'अपघात' होता, असे ती ओळ सांगते.

ती ओळ खोटी आहे. ती दुरुस्त करायला आजपासून ६० दिवसांची मुदत देत आहे.

काय घडले ते एकदाच सांगतो. शांतिसेना म्हणून गेलेल्या फौजेला ऑपरेशन पवनमध्ये जाफन्यावर चाल करावी लागली. एलटीटीईने रस्ते सुरुंगांनी भरून ठेवले होते. आमच्या गाडीखाली सुरुंग फुटला आणि धूर विरायच्या आत झाडीतून गोळीबार सुरू झाला. शेजारी बसलेला जवान जागीच गेला. माझ्या मांडीत लोखंडाचे तुकडे घुसले, त्यातला एक अजून आत आहे. कोणत्याही एक्स-रेत दिसतो. विमानाने मद्रास, तिथून पुणे, आणि बरा झाल्यावर पुन्हा पलटणीत.

नोंद कशी बिघडली तेही हातातल्या झेरॉक्सवरून कळते. पहिल्या चिठ्ठीवर आहे, 'गाडीत असताना सुरुंगाने जखमी'. पुढच्या हाताने ते आखूड केले, 'गाडीत असताना जखमी'. त्याच्या पुढच्याने आणखी सोपे केले, 'वाहन अपघात'. पलटण तोवर पुढे सरकली होती, आणि नोंद पक्की करणारी पार्ट टू ऑर्डर निघाली ती या तिसऱ्या कागदावरून. लढाईतल्या जखमीचा, म्हणजे 'बॅटल कॅज्युअल्टी'चा, मी नुसता 'फिजिकल कॅज्युअल्टी' झालो. यात कोणाचा डाव नव्हता, हे मी मान्य करतो. लढाईत लिहिणाऱ्याचाही हात थरथरतो. पण चूक पुराव्यासकट दाखवल्यावरही ती जशीच्या तशी ठेवली, तर ती चूक राहत नाही, तो निर्णय होतो. निर्णय घेणाऱ्याला मात्र जाब द्यावा लागतो.

मला आलेले उत्तर असे, की उपलब्ध नोंदींनुसार विनंती मान्य करता येत नाही. म्हणजे नोंद चुकली म्हणून अर्ज करायचा, आणि तो फेटाळायला आधार घ्यायचा त्याच नोंदीचा! जी नोंद आरोपी आहे तिलाच साक्षीदार करून न्याय कसा होणार?

गावात लोक विचारतात, दादा, आता या वयात पदक कशाला? पदकाचा धातू तर छावणीजवळच्या मिलिटरी टेलरकडेही मिळतो, रिबिनीसकट. मला तो धातू नको, त्यामागची नोंद हवी. वूंड मेडल, म्हणजेच पराक्रम पदक, १९७३ पासून आहे. शत्रूच्या थेट कारवाईत जखमी झालेल्याला ते मिळते. त्यासाठी शौर्याची शिफारस लागत नाही, शत्रूमुळे जखम झाली एवढेच सिद्ध व्हावे लागते. त्यामुळे ते मागण्यात बढाई नाही, आणि ते देण्यात उपकारही नाही.

त्या एका शब्दावर पोटापाण्याचा प्रश्नही टांगलेला आहे. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रात अपंगत्वाचे ए ते ई असे वर्ग आहेत. सेवेतला अपघात 'सी' वर्गात येतो, शत्रूशी लढताना झालेली जखम 'ई' वर्गात. सेवा पुरी करून निवृत्त झालेल्याला पूर्ण अपंगत्वासाठी 'सी' वर्गात पगाराच्या ३० टक्के धरतात, 'ई' वर्गात ६० टक्के. अपंगत्व कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. जखम तीच, पाय तोच, फक्त रकान्यातला शब्द वेगळा, आणि रक्कम निम्मी.

उशिराचा भुर्दंडही आम्हीच भरतो. २००८ च्या तरसेम सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पेन्शनसारख्या सतत चालणाऱ्या अन्यायात उशिरा आलेल्यालाही दाद मागता येईल, पण थकबाकी साधारणपणे दावा लावण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळेल. म्हणजे 'पाहतो', 'कळवतो' करत ऑफिसने घालवलेले प्रत्येक वर्ष माझ्या खिशातून जाते. ज्याने उशीर केला त्याचा पगार मात्र एक तारखेला होतो.

पुणे जिल्ह्याला जखमी सैनिक म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. वानवडीचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखाली लुळे पडलेले जवान खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये आयुष्य काढतात. आणि शिवनेरी आमच्या ओझरहून लांब नाही. त्या किल्ल्यावर जन्मलेल्या राजाने अफजलखानाच्या मोहिमेनंतर जखमींना जखमेच्या मानाने होन दिल्याची नोंद सभासदाच्या बखरीत आहे. म्हणजे जखम पाहिली गेली, तिचे मोल ठरले आणि ते हातात पडले. १६५९ साली जे जमले ते संगणकाच्या काळात जमत नाही, असे मला कोणी सांगू नये.

आपल्याकडे उशिराचेही कौतुक होते. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात देशाला सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री आली २०१८ साली. जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार हातात पडला जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. त्यांच्यावरचा सिनेमा पाहून लोक रडले, टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचा राग नाही. पण सुवर्णपदक जिंकणाऱ्या जखमी सैनिकाला सन्मानासाठी इतकी वर्षे थांबावे लागत असेल, तर ज्याच्यावर सिनेमा निघणार नाही त्याने किती थांबावे, हे रेकॉर्ड ऑफिसने लेखी कळवावे.

आता मागण्या. चारच आहेत, आणि एकीसाठीही नवा पैसा मंजूर करून घ्यावा लागत नाही.

१. ऑक्टोबर १९८७ मधला माझ्याबाबतचा कॅज्युअल्टी सिग्नल, पार्ट टू ऑर्डर, दवाखान्यात दाखल केल्याचे व सोडल्याचे कागद आणि मेडिकल बोर्डाची कार्यवाही, या सगळ्यांच्या प्रमाणित प्रती द्या.

२. यातला एखादा कागद नसेल तर 'उपलब्ध नाही' एवढ्यावर भागणार नाही. तो कधी, कोणत्या नियमाने, कोणाच्या सहीने नष्ट झाला ते सांगा. पेन्शन नसलेल्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम मला दाखवू नका. मी पेन्शनर आहे.

३. पलटणीची वॉर डायरी मागवा. त्याच गाडीतून वाचलेल्या साथीदारांची शपथपत्रे मी जोडली आहेत, ती वाचा. मांडीतला तुकडा पाहायचा असेल तर नवा मेडिकल बोर्ड बसवा, मी हजर राहीन.

४. निर्णय कोणताही असो, तो कारणांसह आणि नाव-हुद्द्यासह सही करून द्या. छापील उत्तराला मी उत्तर मानणार नाही.

मुदत संपली तर काय, तेही आधीच सांगतो. लपून हल्ला करायचा नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाकला आहे. ३० दिवसांत माहिती आली नाही तर एकतिसाव्या दिवशी पहिले अपील, आणि त्यानंतर केंद्रीय माहिती आयोग. विनाकारण माहिती अडवणाऱ्या माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होतो, आणि तो ऑफिसला नव्हे, त्या अधिकाऱ्याला होतो. टेबलावर फाइल दाबून बसणाऱ्याने हा हिशेब आत्ताच करून ठेवावा.

दुसरा मार्ग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा. सरकारी काम अन् सहा महिने थांब, असे आपण हसत म्हणतो. २००७ च्या न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २२ मध्ये तेच सहा महिने आहेत. निवेदनावर सहा महिन्यांत अंतिम आदेश आला नाही, तर पुढच्या सहा महिन्यांत न्यायाधिकरणाचे दार ठोठावता येते. माझ्या शेवटच्या निवेदनाचे सहा महिने या ६० दिवसांतच भरत आहेत. म्हणून ही मुदत. त्यानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी मुंबई खंडपीठात अर्ज दाखल होईल. २०१३ च्या धरमवीर सिंग निकालाने सिद्ध करण्याचा भार अपंगत्वाचा दावा करणाऱ्या सैनिकावर टाकलेला नाही आणि वाजवी शंकेचा फायदा त्यालाच दिला आहे, याची आपल्या वकिलांना आठवण करून द्या.

नारायणगावला पुणे-नाशिक रस्ता अडवा, असा सल्ला मला मिळाला. अडवणार नाही. शेतकऱ्याच्या टोमॅटोच्या गाड्या उन्हात उभ्या करून माझी शीट रोल दुरुस्त होत नाही. उपोषणालाही बसणार नाही. मला मरून जिंकायचे असते तर जाफन्यात सोय होती.

दुसरा इशारा एजंटांना. 'मेडल काढून देतो, थकबाकीतले निम्मे आमचे' असे सांगत जुन्नर-आंबेगावच्या गावांत फिरणाऱ्यांनो, ओझरमध्ये पाय ठेवाल तर तुमचे नाव आणि दर दोन्ही चावडीवर लागतील. खोटी शपथपत्रे, पैसे देऊन आणलेले साक्षीदार हे तुमचे काम. तुमच्या एका बनावट केसमुळे दहा खऱ्या केसेसकडे संशयाने पाहिले जाते. आणि लढाईत न जाता छातीवर पदके लावून मिरवणाऱ्यांनीही ती आजच उतरवावीत.

तिसरा इशारा पुढाऱ्यांना. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ देता, फोटो काढता. यापुढे शाल घेण्याआधी मी माइकवरच विचारीन, की साहेब, माझ्या नोंदीबद्दल संरक्षण मंत्रालयाला पत्र लिहिलेत का? लिहिले असेल तर त्याचा जावक क्रमांक सांगा. नसेल तर शाल परत न्या.

चौथा आपल्याच माणसांना. गड्यांनो, डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, आज रात्री ट्रंकेतून काढा. जखमेपुढे कोणता शब्द लिहिलाय तो नातवाकडून वाचून घ्या. शब्द चुकीचा असेल तर गप्प बसू नका, लेखी निवेदन द्या आणि पोच जपा, कारण कलम २२ चे घड्याळ त्या पोचेपासून चालू होते. बरोबरचे साथीदार हयात आहेत तोवर त्यांची शपथपत्रे करून घ्या, वर्षागणिक साक्षीदार कमी होताहेत. ज्यांचे मालक गेले त्या वहिनींनीही जुने कागद रद्दीत घालू नयेत. फाइल कशी लावायची हे समजून घ्यायला ओझरला या. एक पैसा लागणार नाही.

रेकॉर्ड ऑफिसातल्या साहेबांनो, तुम्ही आणि मी एकाच फौजेचे. म्हणून कोर्टाआधी ही संधी देतो आहे. नोंद दुरुस्त केलीत तर तुमच्या नावाने जाहीर आभार मानीन, याच जागी, याच अक्षरांत. केली नाहीत तर मुंबई खंडपीठासमोर तुमच्या सहीखालचे तुमचे नाव मोठ्याने वाचले जाईल, आणि १९८७ सालच्या तीन चिठ्ठ्या एकापाठोपाठ एक ठेवल्या जातील. त्या पाहून अपघात कोणाचा झाला ते न्यायाधीशच ठरवतील.

मुदत ६० दिवस. वाढवून मिळणार नाही.