मुळ्याचा रस आणि घागऱ्याचा वारा



डिसेंबर १९६४मध्ये दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, माध्यमिक शाळेच्या प्रवेशपरीक्षेत एक प्रश्न आला होता : 'योट' ही चिकट मिठाई करताना मोड आणलेल्या धान्याऐवजी काय वापरता येईल? 'डायास्टेज' हे उत्तर अपेक्षित होते. पर्यायांत मुळ्याचा रसही होता. तो निवडलेल्या मुलांचे गुण गेले, आणि प्रवेश तर एकेका गुणावर ठरत होता. तेव्हा चिडलेल्या आयांनी खरोखरच मुळ्याचा रस घालून योट शिजवली आणि ती घेऊन त्या शिक्षण खात्यावर धडकल्या. प्रकरण न्यायालयात गेले. १९६५मध्ये न्यायालयाने मुळ्याचा रसही बरोबर ठरवला.

चुलीपाशी मिळवलेले ज्ञान छापील उत्तराला पुरून उरले, याचा आपल्याला आनंद व्हावा हे साहजिक आहे. पण त्या आया नामांकित शाळेतल्या जागेसाठी भांडत होत्या, 'एकच बरोबर उत्तर' मागणाऱ्या व्यवस्थेशी नव्हे. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग तरी कोणता होता? मुलांच्या शिक्षणामागे धावणाऱ्या अशा बायकांसाठी कोरियन भाषेत एक शब्द आहे, 'चिमात्बाराम' म्हणजे घागऱ्याचा वारा. मुलांवरच्या ताणाची चर्चा निघाली की आजही बोट आधी आईकडेच वळते.

वास्तविक हा ताण कमी करण्याचे प्रयत्न तिथे कमी झालेले नाहीत. माध्यमिक शाळेची प्रवेशपरीक्षा १९६९पासून बंद होऊ लागली. १९८०मध्ये लष्करी राजवटीने खाजगी शिकवण्यांवरच बंदी घातली. २०००मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली. सोलमध्ये शिकवणीवर्ग रात्री दहाला बंद करण्याचा नियम आहे. २०१६पासून सर्व माध्यमिक शाळांत एक सत्र लेखी परीक्षेविना ठेवले गेले. २०२३मध्ये विद्यापीठ प्रवेशपरीक्षेतले अतिअवघड प्रश्न काढून टाकण्याचे सरकारने जाहीर केले. तरीही खाजगी शिकवणीवरचा खर्च २०२३मधल्या २७.१ लाख कोटी वॉनवरून २०२४मध्ये २९.२ लाख कोटींवर गेला. दर पाचांतली चार मुले शिकवणीला जातात. नोव्हेंबरातल्या त्या परीक्षेच्या दिवशी इंग्रजी ऐकण्याची चाचणी चालू असताना देशभर विमानांचे उड्डाण थांबवले जाते.

मग या मुलांची सर्जनशीलता संपली आहे का? तसे दिसत नाही. २०२२च्या 'पिसा' चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांची सर्जनशील विचारशक्ती तपासली गेली. तीत कोरिया अगदी वरच्या देशांत होता. शिवाय त्या चाचणीत एकाही देशात मुलगे मुलींच्या पुढे नव्हते. म्हणजे कल्पकता आहे, मुलींमध्ये तर आहेच. मुलांकडे नाही ती चुकण्याची मुभा आणि रिकामा वेळ. मोजक्या विद्यापीठांतून मोजक्या कंपन्यांत जाणारी वाट चुकली, तर पुढचे आयुष्य कमी पगारावर आणि कमी प्रतिष्ठेत काढावे लागेल, ही भीती प्रत्येक घरात आहे. ती असेपर्यंत परीक्षा कितीही सोपी केली तरी रांग तेवढीच राहणार.

आणि ही रांग चालती ठेवण्याचे काम कोण करते? चांगला वर्ग शोधणे, वेळापत्रक जुळवणे, मुलांना पोचवणे-आणणे, रात्री त्यांच्यासाठी जेवण राखून ठेवणे, हे बिनपगारी काम मुख्यतः आईच करते. त्यासाठी अनेकजणी नोकरी सोडतात. 'कारकीर्द खंडित झालेल्या स्त्रिया' ही तिथली इतकी नेहमीची बाब की २००८मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. स्त्री-पुरुषांच्या वेतनातली तफावत प्रगत औद्योगिक देशांत कोरियातच सर्वाधिक आहे. मग घरात कोणाची नोकरी सुटणार, हे आधीच ठरलेले असते. तिची बुद्धी, तिची कल्पकता, तिचे शिक्षण सगळे मुलाच्या वेळापत्रकात ओतले जाते आणि मुलाचे प्रगतिपुस्तक हेच तिचेही प्रगतिपुस्तक होऊन बसते. एकाच व्यवस्थेत दोघांची सर्जनशीलता कोंडली जाते. चर्चा मात्र एकाचीच होते.

कोरियातल्या अनेक स्त्रियांनी याला आपल्यापरीने उत्तर दिले आहे. २०२३मध्ये तिथला जननदर एका स्त्रीमागे ०.७२ इतका खाली आला. सरकार त्याला लोकसंख्येचे संकट म्हणते. आम्हाला त्यात एक नकारही दिसतो. अनुदाने देऊन तो मागे घेतला जाईल, असे वाटत नाही.

मुलांना मोकळा श्वास मिळावा असे वाटणाऱ्यांनी आयांना समुपदेशनाला पाठवण्याआधी काही साधे प्रश्न विचारावेत. बाप घरी किती वाजता येतो? कामावर परतलेल्या बाईला तिची आधीची जागा आणि तिचा पगार मिळतो का? नामांकित विद्यापीठात न गेलेल्या मुलीला सन्मानाने जगता येईल एवढे वेतन मिळते का? हे प्रश्न शिक्षणाचे नाहीत असे म्हणून बाजूला सारले जातात. स्त्री चळवळीने ते शिक्षणाचेच प्रश्न म्हणून पुन्हा पुन्हा मांडले पाहिजेत.

– संपादक मंडळ