ढग कोणाच्या सातबाऱ्यावर?



आपल्या रानात विहीर खणली तर महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ तिची नोंदणी मागतो. आपल्याच रानावरच्या ढगात सरकारने विमानाने रसायन सोडले, तर कुठे सोडले, किती सोडले, उपयोग काय झाला, हे शेतकऱ्याला सांगण्याची सक्ती करणारा कायदा मात्र या देशात नाही. राज्यघटनेत पाणी राज्याच्या यादीत, हवामान संस्था केंद्राच्या यादीत. ढग बिचारा कोणत्याच यादीत नाही.

ऑगस्ट २०१५ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतून कृत्रिम पावसाचे विमान उडाले. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०१९ साली पुन्हा विमान, या वेळी तीस कोटींची मंजुरी. पाऊस पडला की श्रेय विमानाचे, नाही पडला की दोष ढगाचा. असा धंदा आपल्याला कोणी करू देईल काय?

शास्त्र खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर भागात २७६ ढग निवडले. त्यांतल्या सुमारे निम्म्या ढगांत बीज टाकले, बाकीचे तुलनेसाठी तसेच सोडले. सुमारे शंभर चौरस किलोमीटरच्या टापूत पाऊस १८ टक्के वाढल्याचे त्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे जिथे दहा मिलिमीटर पडायचा, तिथे पावणेबारा. उधळलेल्या ज्वारीला हेही थोडे नाही. पण बीज टाकायला आधी ढग हवा, तोही पाणीदार. खंड पडून सरकी कोमेजते तेव्हा आभाळ कोरडे असते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? अर्धे ढग मुद्दाम सोडून तुलना करण्याची पद्धत सरकारी मोहिमांना का नको, हे ज्याचे त्याने ओळखावे.

दुसरी बाजू नुकसानीची. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात पावसाने गावे बुडवली. तो पाऊस निसर्गाचा होता. पण आदल्या दिवशी वरून विमान गेले असते तर? एप्रिल २०२४ मध्ये दुबई बुडाली तेव्हा बोट लगेच ढगपेरणीकडे गेले. शास्त्रज्ञांनी कारण ते नव्हे असे सांगितले, पण उड्डाणाच्या नोंदी उघड नसतील तर ना शेतकऱ्याला दाद मागता येते, ना सरकारला आळ झटकता येतो.

अमेरिकेत १९७१ च्या कायद्याने असा प्रत्येक प्रयोग केंद्र सरकारला कळवावा लागतो. हवामानाचा शत्रुत्वाने वापर करू नये असा १९७७ चा जागतिक करार आहे, भारतही त्यात आहे. शांततेच्या वापराला मात्र त्यात मोकळीक आहे. आता तर सूर्याचे ऊन अडवायला आभाळात गंधकाचे कण सोडण्याची चर्चा चालू आहे. त्याने आपला मोसमी पाऊस बिघडला तर जाब कोणाला विचारायचा? फेब्रुवारी २०२४ मध्ये नैरोबीला या विषयाचा अभ्यासगट नेमण्याचा ठराव आला, तोही एकमत न झाल्याने मागे घ्यावा लागला.

जिल्हा बैठकीत नांदेड आणि लातूरकरांनी ठराव करावा: पुढचे विमान उडण्याआधी कायदा करा. प्रत्येक उड्डाणाची तारीख, तालुका आणि रसायनाचे वजन तहसील कचेरीच्या फलकावर लावा. तपासणी ठेकेदाराने नव्हे, त्रयस्थ शास्त्रज्ञांनी करावी. आणि २०१५ व २०१९ चा तालुकावार हिशेब आधी द्या.